पहिले थँक्सगिव्हिंग आणि शनिवारचा सामना

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा सण असतो आणि त्यानंतरच्या शनिवारी ओहायो स्टेट व मिशिगन या दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगतो. सम वर्षी तो ओहायो स्टेटच्या कोलंबस गावी होतो, विषम वर्षी मिशिगनच्या ॲन आर्बरला. ओहायोत नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाने गुरुवारी आठ-दहा जणांना जेवायला बोलवून शनिवारी सामन्यालाही जायचे ठरवले, तर दोन्ही गोष्टी उत्तम जमतात. मात्र सगळा बेत जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत आखावा लागतो.

सुरुवात जेवणातल्या मुख्य पदार्थापासून, म्हणजे टर्की या कोंबडीहून मोठ्या पक्ष्यापासून, करावी. माणशी सव्वा ते दीड पौंड या हिशेबाने आठ-नऊ जणांना १२ पौंडांची टर्की पुरते. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांमागे एक पूर्ण दिवस लागतो, म्हणून रविवारीच ती खोल ताटात ठेवून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात सरकवावी. पहिल्या वर्षी मी ती मंगळवारी रात्री काढली. गुरुवारी सकाळी आत हात घातला, तर पोकळीत बर्फाचा गोळा तसाच होता आणि गिब्लेटची कागदी पुडी त्यातच रुतून बसली होती. तेव्हा टर्की वेष्टनासकट थंड पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत निभावून नेले, पण पाहुणे दीड तास ताटकळले. ही पुडी आठवणीने बाहेर काढावी, कारण तिच्यात मान, कलेजी वगैरे असते. आपल्याकडे कोंबडी धुऊन घेण्याची सवय असते, पण टर्की धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात.

चारला जेवायचे असेल, तर आत काही न भरलेली १२ पौंडांची टर्की बाराच्या सुमारास ३२५ अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये जावी. आले-लसूण, मिरपूड आणि लोणी बुधवारी रात्रीच कातडीखाली चोळून ठेवले, तर चव आतपर्यंत मुरते. साधारण तीन तासांनी मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून पाहावा. तेथे आणि छातीच्या जाड भागातही १६५ अंश दिसल्याशिवाय टर्की झाली असे समजू नये. कातडीच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. बाहेर काढल्यावर अर्धा तास तिला हात लावू नये, म्हणजे रस मांसातच राहतो, आणि तेवढ्यात ताटातल्या रसाची ग्रेव्ही होते.

ओव्हन असा अडकलेला असल्यामुळे बाकीचे पदार्थ शेगडीवर होणारे किंवा आदल्या दिवशी करून ठेवता येणारे निवडावेत. क्रॅनबेरीची चटणी दहा मिनिटांत होते: १२ औंसांची एक पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी आणि किसलेले आले. फळे मोहरीसारखी तडतडून फुटू लागली की आच मंद करावी. गार झाल्यावर ती आपोआप घट्ट होते.

शाकाहारी पाहुण्यांचा विचार मनापासून करावा. स्टफिंगमध्ये, म्हणजे टर्कीबरोबर वाढल्या जाणाऱ्या पावाच्या मिश्रणात, बहुधा चिकनचा स्टॉक असतो आणि रताळ्यांवर घालतात त्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन (प्राण्यांपासून मिळणारा पदार्थ) असते, हे अनेकांना ठाऊक नसते. भाज्यांच्या स्टॉकमधले स्टफिंग, मशरूमची वेगळी ग्रेव्ही आणि बुधवारी केलेली भरली वांगी असली, की त्यांचेही ताट भरलेले दिसते. पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचे गोड सारण भरलेला पाय, सरळ विकतचा आणावा; पहिल्याच वर्षी तोही घरी करण्याचा हट्ट नको.

उरलेले मांस दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून, उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. शनिवारी सकाळी त्याची क्रॅनबेरी लावलेली सँडविचेस करावीत, कारण सामन्यापूर्वी पार्किंगमध्ये गाड्यांमागे मांडल्या जाणाऱ्या खाण्यात, म्हणजे टेलगेटिंगमध्ये, ती हातोहात संपतात.

सामना बहुधा दुपारी बाराला सुरू होतो. दहाच्या आत पोहोचावे. १९२२ साली उघडलेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे कोलंबसचे ओहायो स्टेडियम एक लाखाहून अधिक प्रेक्षकांचे आहे. तिकीट फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावे आणि फोन खिशात उबेला असावा, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. पिशवी पारदर्शकच न्यावी. ओहायो स्टेटच्या लाल-राखाडी रंगांचे कपडे घालावेत. निळा-पिवळा हा प्रतिस्पर्ध्यांचा रंग आहे. बाक गारठलेले असतात, म्हणून एका जाड जाकिटाऐवजी तीन-चार पातळ थर आणि लोकरीचे मोजे घालावेत.

खेळ समजायला एवढे पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, म्हणजे टचडाउनला, सहा गुण, त्यानंतरच्या किकला एक आणि फील्ड गोलला, म्हणजे चेंडू पायाने खांबांमधून मारल्यावर, तीन. ओहायो स्टेटचा बँड मैदानावर चालत इंग्रजी लिपीत ‘ओहायो’ लिहितो, तेव्हा जागा सोडू नये. १९३६ पासून चालत आलेल्या या रचनेत शेवटी सूझाफोन हे अंगाभोवती घ्यायचे मोठे पितळी वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी ऐटीत जाऊन ‘आय’वरचा टिंब बनतो आणि झुकून अभिवादन करतो. सामना साधारण साडेतीन तास चालतो. सुटल्यावर लगेच गाडी काढण्याची घाई करू नये; थर्मासमधला चहा त्याच वेळेसाठी राखून ठेवावा.