रिस्पॉन्सिव्ह कार्ड बनवताय? या चुका टाळा

समजा, वेबपानावर नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावाचं एक कार्ड, म्हणजे माहितीची चौकट, बनवायचं आहे. ते रिस्पॉन्सिव्ह हवं, म्हणजे प्रत्येक स्क्रीनच्या रुंदीत नीट बसणारं. वर फोटो, खाली बहार, प्रत, अडत्याच्या पेढीचं नाव, टनाचा भाव आणि ‘चौकशी करा’ हे बटण. लॅपटॉपवर ते देखणं दिसतं आणि फोनवर आडवं सरकायला लागतं. बहुतेक वेळा घोळ पुढच्या जागी असतो.

खोट्या मजकुरावर तपासणी

‘अबक ट्रेडर्स’ लिहून पाहिलं की सगळं जागेवर बसतं. खऱ्या पेढीचं नाव लांबलचक असतं. ते एका ओळीत ठेवून शेवटी तीन टिंबं यावीत अशी सोय आपण करतो, तरी टिंबं येत नाहीत आणि भाव कार्डाबाहेर ढकलला जातो. कारण असं, की नाव ज्या डब्यात आहे तो फ्लेक्सचा, म्हणजे सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) ओळीत मांडणी करणाऱ्या रचनेचा, थेट घटक असतो आणि त्याची ‘मिन-विड्थ’ (किमान रुंदी) मुळात ‘ऑटो’ असते. आतला मजकूर जेवढी रुंदी मागेल त्याहून लहान व्हायला तो तयार नसतो. त्या डब्याला ‘मिन-विड्थ’ शून्य द्या, टिंबं लगेच दिसतील.

इथे अख्ख्या कार्डाला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाणारं लपवा ही सूचना) लावून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. कृपा करून तसं करू नका. सरकणं थांबतं, पण भावाचा शेवटचा आकडा कापला जातो, आणि शेतकऱ्याला नेमका तोच हवा असतो. कोण बाहेर पडतंय ते कळत नसेल, तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. गुन्हेगार सापडतो.

फक्त स्क्रीनची रुंदी पाहणं

मीडिया क्वेरीला (स्क्रीनच्या मापानुसार शैली बदलणाऱ्या सीएसएसच्या अटीला) स्क्रीन कळते, कार्डाला मिळालेली जागा कळत नाही. म्हणून मोठ्या स्क्रीनवरच्या अरुंद साइडबारमध्ये तेच कार्ड चेंगरतं. यासाठी कंटेनर क्वेरी, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या रुंदीवर चालणारी अट, वापरा; फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांच्या ताज्या आवृत्त्यांत ती चालते. चालत नसेल तर आधी एक गोष्ट बघा: ‘कंटेनर-टाइप’ (डब्याला कंटेनर ठरवणारी सूचना) कार्डालाच लावलं आहे का? कंटेनर स्वतःच्या रुंदीवरून स्वतःची शैली बदलू शकत नाही, फक्त आतल्या घटकांची बदलतो. बाहेर एक वेगळा डबा घाला आणि ते त्याला लावा.

फोनवर अख्खं पान बारीक दिसत असेल, तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारी एचटीएमएलमधली ओळ) राहिलाय.

देवनागरीला इंग्रजीचं माप

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते, तेव्हा मराठी मजकुरावर ते लावूच नका. लाइन-हाइट (ओळीची उंची) घट्ट असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळेच मिळतात.

‘कसं वाटलं?’ असं विचारणं

‘छान आहे’ हेच उत्तर येणार; आपल्याकडे माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. त्यापेक्षा फोन हातात द्या आणि काम सांगा: ‘काका, मृग बहाराच्या पहिल्या प्रतीचा भाव बघा आणि चौकशी पाठवा.’ मग गप्प राहा. अंगठा कुठे अडखळतो ते बघा. शक्य असेल तर हे बाहेर, उन्हात करा. नागपूरचं ऊन मार्चपासूनच तापतं, आणि पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं त्यात दिसतच नाहीत. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) हवाच. बटणासाठी डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेली मार्गदर्शक तत्त्वं) किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतं. अंगठ्यासाठी मी तरी ४४ च्या खाली जाणार नाही.

लोक अडचण बरोबर सांगतात, उपाय मात्र आपणच शोधायचा असतो. ‘बटण मोठं करा’ म्हणणाऱ्याला कदाचित ते फोटोखाली दडल्यामुळे सापडलेलं नसतं. अशा वेळी फोटोची उंची कमी करून बघा. प्रत्येक तक्रारीसोबत फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि काय करताना अडलं ते लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि तो त्याच माणसाला पुन्हा दाखवा. दर बदलानंतर सर्वात लांब पेढीचं नाव टाकून कार्ड ३२० पिक्सेल रुंदीवर तपासा, मग अक्षरं दुप्पट करून एकदा. उंची पिक्सेलमध्ये ठोकून दिली असेल, तर मजकूर बटणावर चढलेला तिथे दिसेल. ती उंची काढून टाका.