ट्रेनिंग संस्थेचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

रोजगाराचं ट्रेनिंग देणाऱ्या संस्था तपासत कोकणभर फिरतो मी, आणि सोबत येणारी नवीन पोरं दरवेळी त्याच खड्ड्यात पडतात म्हणून एकदाचं लिहितोय.

पहिली चूक, रजिस्टर बघून टिक करणं. आरसेटी म्हणजे गावातल्या बेरोजगारांना ट्रेनिंग देणाऱ्या बँकांच्या संस्था; त्यांच्या भाषेत धंदा सुरू झाला किंवा नोकरी लागली की माणूस 'सेटल', आणि पुढे दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. एका संस्थेत (नाव नको) फळप्रक्रियेच्या बॅचमधल्या एक वहिनी सेटल दाखवलेल्या, कर्ज मंजूर, पल्परचं (फळांचा गर काढायच्या मशीनचं) बिल जोडलेलं, फोटोसुद्धा. बरोबरचा पोरगा म्हणाला, सर टिक करूया, लास्ट एसटी जाईल. म्हटलं जाऊदे. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून घरी गेलो तर पल्पर पडवीत ताडपत्रीखाली आणि वर कोंबडी अंड्यांवर बसलेली! मशीन थ्री फेजचं, घरात सिंगल फेज, आणि अख्ख्या ट्रेनिंगमध्ये हे कोणी विचारलंच नव्हतं. पण गंमत पुढे आहे, हप्ते वेळेवर जात होते, कारण वहिनी सासूकडून शिकलेली आमसुलं घालून विकत होत्या. म्हणजे धंदा खरा, कमाई खरी, फक्त संस्थेचा त्यात काही हात नाही. हे टिकच्या चौकटीत कुठे बसवणार? तेव्हापासून मी मशीन दिसलं की आधी लाईटबिल मागतो, नफा किती वगैरे नंतर.

दुसरी, मच्छीमारांच्या बॅचची फुल हजेरी बघून हुरळून जाणं. अरे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, माणूस जाणार कुठे? तीच बॅच ऑक्टोबरात ठेवून दाखवा. आणि तुम्ही स्वतः एप्रिल-मेमध्ये सर्व्हेला जाऊ नका, सगळे आंब्याच्या पेट्या भरत असतात, कोण तुमचा फॉर्म भरणार.

कोर्स संपल्याच्या दिवशी घेतलेला फीडबॅक: जेवण चांगलं होतं एवढंच कळतं.

संशोधनाचा भाग असेल तर पेपर मोजत बसू नका, बागेत जा. काजूवाल्याला कलम कुठलं विचारलं की 'वेंगुर्ला सात' (वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात तयार झालेली काजूची जात) असं सहज सांगतो, पेपर त्याने जन्मात बघितलेला नसतो.

आणि संस्थेची गाडी घेऊ नका, कितीही ऊन असलं तरी. ड्रायव्हर नेमका त्याच चार घरांत नेतो, तिथे तुम्ही पोचायच्या आधीच पोहे झाकून ठेवलेले असतात.