पहिल्या वर्षाचा अभ्यास: फोन आणि लॅपटॉप कामाला कसे लावायचे

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे साधनं कमी नसतात. फोन खिशात असतो, व्हिडिओ हवे तेवढे सापडतात, सीनिअर्सच्या नोट्सच्या पीडीएफ पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर येऊन पडतात. कमी पडते ती वेगळीच गोष्ट. शाळेत रोज कुणीतरी प्रश्न विचारायचं, वह्या तपासायचं. कॉलेजात बऱ्याचदा थेट परीक्षाच विचारते. तोपर्यंत आपलं काय कच्चं आहे ते कळतच नाही. तंत्रज्ञानाकडून करून घ्यायचं मुख्य काम हेच: त्याने आपल्याला रोज प्रश्न विचारणं.

हे नुसतं मत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. वाचताना ‘हे येतंय’ असं वाटतं, ती त्या पाच मिनिटांची भावना. म्हणून कुठलंही ॲप घेताना एवढंच पाहा: हे मला आठवायला लावतं, की फक्त साठवून ठेवतं?

पहिल्या आठवड्यातली तयारी

सिलॅबस आणि सत्राचं वेळापत्रक मिळालं की त्याच दिवशी तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये भरा. लेक्चर आणि प्रॅक्टिकल दर आठवड्याला येणारी नोंद म्हणून टाका आणि त्या नोंदीला सत्राची शेवटची तारीख द्या. ती दिली नाही तर सुट्टीतही फोन वाजत राहतो आणि वैतागून आपण सगळ्याच सूचना बंद करून टाकतो. असाइनमेंटसाठी एक नोंद पुरत नाही, तीन करा: १० दिवस आधी ‘सुरुवात’, ४ दिवस आधी ‘कच्चा मसुदा’, १ दिवस आधी ‘सबमिशन’. फक्त शेवटची तारीख लिहिली की काम शेवटच्या रात्रीच सुरू होतं.

फाइल्ससाठी विषयागणिक एक फोल्डर आणि त्यात तीन उपफोल्डर: लेक्चर, असाइनमेंट, जुन्या प्रश्नपत्रिका. याहून खोल जाऊ नका. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, उदाहरणार्थ ‘२०२५-०८-१२_भौतिकी_टॉर्क’. असं लिहिलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ अशी नावं सबमिशनच्या दिवशी घात करतात.

वर्गात

शिक्षक बोलतील तितक्या वेगाने टाइप करू नका. भरभर टाइप होतं तेव्हा वाक्यं कानातून थेट बोटांत उतरतात आणि अर्थ लावायची वेळच येत नाही. शिवाय आकृत्या आणि गणितं टाइप करण्यात निम्मं लेक्चर जातं. गणित, भौतिकी, रसायनशास्त्र यांसाठी वही किंवा पेनने लिहिता येणारा टॅबलेट घ्या. मजकूरप्रधान विषयांना लॅपटॉप चालतो, पण लिहायचं ते स्वतःच्या शब्दांत.

लॅपटॉप उघडलाच तर वायफाय बंद ठेवा. फारिया साना, टिना वेस्टन आणि निकोलस सेपेडा यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात वर्गात लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना ती स्क्रीन दिसत होती त्या आसपासच्या विद्यार्थ्यांचेही घटले. मागच्या बाकावरच्या मित्राचं नुकसान आपल्या स्क्रीनमुळे होतं, हे कायम लक्षात असू द्या.

लेक्चर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. तासाभराचं रेकॉर्डिंग पुन्हा पूर्ण ऐकायला सवड कुणालाच मिळत नाही. म्हणून जिथे डोक्यावरून गेलं तिथे वहीच्या समासात रेकॉर्डरवरची वेळ टिपा, ‘२३ मि.’ अशी. संध्याकाळी तेवढीच दोन-तीन मिनिटं ऐका.

त्याच दिवशी वहीच्या पानांचे स्कॅन काढा. साध्या फोटोत सावली पडते आणि कडा वाकड्या येतात. फोनमधल्या स्कॅनरची सोय कागदाच्या कडा ओळखून पान सरळ करते. फोन कागदाच्या बरोबर वर धरा आणि उजेड बाजूने येऊ द्या. छापील मजकूर स्कॅनमधून शोधता येतो. हस्ताक्षराचा भरवसा धरू नका, फाइलच्या नावातच विषय लिहा. मराठीतल्या जुन्या पीडीएफमध्ये शब्द शोधून सापडत नसेल तर बहुधा ती युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये बनवलेली असते. स्वतः टाइप करताना युनिकोडच वापरा.

कार्डं: सगळ्यात जास्त फायदा इथे आहे

उजळणीची कार्डं बनवणारी बरीच ॲप्स आहेत. त्यांतलं अंकी हे कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर मोफत मिळतं. आयफोनवरचं ॲप विकत घ्यावं लागतं, पण ब्राउझरमधून कार्डं फुकट पाहता येतात. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बरोबर आलं की ते कार्ड अधिकाधिक दिवसांनी परत येतं, चुकलं की लगेच.

खरं कौशल्य कार्ड लिहिण्यात आहे. जीवशास्त्रातला, पेशीच्या पटलात असणारा सोडियम-पोटॅशियम पंप घ्या. नवखा विद्यार्थी कार्ड करतो: ‘सोडियम-पोटॅशियम पंपाचं कार्य स्पष्ट करा’ आणि मागे आठ ओळी. हे कार्ड चालत नाही. आठांपैकी पाच ओळी आठवल्या तर ते बरोबर धरायचं की चूक? त्याचे तुकडे करा. ‘पंप एका फेरीत किती सोडियम आयन बाहेर टाकतो?’ तीन. ‘किती पोटॅशियम आयन आत घेतो?’ दोन. ‘एका फेरीला ऊर्जा कुठून मिळते?’ एटीपीच्या एका रेणूतून. इथवर झालं पाठांतर. आता चौथं कार्ड, सगळ्यात मोलाचं: ‘पंप बंद पडला तर पेशी का फुगते?’ सोडियम आत साचतो, त्यामागोमाग पाणी आत शिरतं. दर तीन-चार माहितीच्या कार्डांमागे एक ‘का’चं कार्ड असलंच पाहिजे. नाहीतर आकडे पाठ होतात, पण परीक्षेतला फिरवून विचारलेला प्रश्न सुटत नाही.

शाळा एका माध्यमातून आणि कॉलेज दुसऱ्या माध्यमातून असेल तर पारिभाषिक शब्दांची दुहेरी कार्डं करा: शब्द दाखवून अर्थ आणि अर्थ दाखवून शब्द. पहिल्या महिन्यात हीच कार्डं सर्वांत उपयोगी पडतात, कारण लेक्चर न समजण्याचं कारण अनेकदा विषय नसतो, अनोळखी शब्द असतात.

सेटिंगमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते. सगळे विषय मिळून ती १० वर आणा. नवीन कार्ड आज एकदा येतं आणि पुढे कितीतरी वेळा परत येतं. रोजच्या उजळणीची मर्यादा नव्या कार्डांच्या निदान दहापट ठेवावी असा सल्ला दिला जातो, तो त्यामुळेच. उत्साहात रोज ४० घेतली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढीग साचतो आणि ॲप वापरणं सुटतं ते कायमचं.

उत्तर पाहिल्यावर ते किती आठवलं हे सांगायला अंकीत ‘अगेन’, ‘हार्ड’ अशी बटणं असतात. त्यांची एक चूक फार आढळते. उत्तर आठवलंच नाही तरी ‘हार्ड’ दाबलं जातं. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’. न आठवल्यास ‘अगेन’च दाबायचं, नाहीतर ॲप तुम्हाला येत नसलेली गोष्ट येते असं समजून पुढे ढकलतं. एखादं कार्ड पाठ होऊनही आठ वेळा चुकलं की अंकी त्यावर आपोआप खूण करतं आणि सेटिंगनुसार ते बाजूलाही काढतं. ते तसंच चालू ठेवू नका. कार्डच वाईट लिहिलेलं असतं, ते फोडून पुन्हा लिहा.

ढीग साचलाच तर नवी कार्डं शून्यावर आणा, रोज ६० उजळण्यांची मर्यादा घाला आणि ढीग संपेपर्यंत तसंच चालू ठेवा. सगळं पुसून नव्याने सुरुवात करण्याचा मोह टाळा.

आणि कार्डं स्वतःच करा. दुसऱ्याचा तयार संच उतरवून घेतला की निम्मं शिकणं हातचं जातं. लेक्चरमधलं काय महत्त्वाचं हे ठरवणं हाच अर्धा अभ्यास असतो.

व्हिडिओ आणि सिम्युलेशन

समजलेल्या भागाला दीडपट वेग ठीक, नव्या सिद्धतेला नेहमीचाच. उदाहरण फळ्यावर आलं की थांबवा, कागदावर स्वतः सोडवा आणि मग पुढे जा. कॉम्प्युटरवर यूट्यूब पाहताना ‘के’ दाबल्यावर व्हिडिओ थांबतो, ‘जे’ने १० सेकंद मागे जातो. लांब व्हिडिओत एकच मुद्दा हवा असेल तर त्याची लिखित प्रत उघडा आणि ब्राउझरच्या शोधपट्टीत शब्द टाका. व्हिडिओ संपल्यावर कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहा. लिहिता आल्या नाहीत तर तो व्हिडिओ पाहिला, शिकलात नाही.

भौतिकी आणि रसायनशास्त्रासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून पाहायचे आभासी प्रयोग) मोफत आहेत. गणितासाठी आलेख काढून देणारी जिओजेब्रा आणि डेस्मॉस. यांत नियम एकच: आधी अंदाज, मग स्लायडर. साइनच्या आलेखात ‘एक्स’चा गुणक दुप्पट केला तर काय होईल? आधी कागदावर रेघ काढा. मग सरकवा. आवर्तन निम्मं झालेलं दिसेल. अंदाज चुकला असेल तर तो का चुकला याचं कार्ड करा. नुसता स्लायडर हलवत बसलं तर छान हलतं चित्र पाहून होतं, एवढंच.

पाठ्यपुस्तक परवडत नसेल किंवा ग्रंथालयात मिळत नसेल तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पुस्तकं पाहा. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच विषयांची ती आहेत आणि पीडीएफ फुकट उतरवता येते.

एआयला कसं विचारावं

आधी कॉलेजचा आणि त्या विषयाच्या शिक्षकांचा नियम बघा. परवानगी असेल तर क्रम असा ठेवा. प्रश्न आधी स्वतः सोडवा, अर्धवट का होईना. मग तुमच्या पायऱ्या त्याला द्या आणि लिहा: ‘उत्तर सांगू नका. माझ्या कोणत्या पायरीवर चूक आहे तेवढंच सांगा आणि मला एक प्रश्न विचारा.’ शेवटी स्क्रीन बंद करा आणि कोऱ्या कागदावर गणित पहिल्यापासून सोडवा. ही शेवटची पायरी सुटली तर आधीचं सगळं वाया जातं, कारण समजावून सांगितलेलं पटणं आणि स्वतः करता येणं यांत फार अंतर आहे.

व्हायवाच्या तयारीला ही साधनं खरोखर चांगली आहेत. तुमच्याच नोट्स द्या आणि एकेक प्रश्न विचारायला सांगा, उत्तरानंतर ‘का?’ असा उपप्रश्नही विचारायला सांगा.

संदर्भांच्या बाबतीत मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ही साधनं संभाव्य शब्दांमागून शब्द जुळवतात, त्यामुळे कधीही न छापलेला लेख, खऱ्यासारखा लेखक आणि वर्ष यांच्यासह सहज तयार होतो. प्रत्येक शीर्षक गूगल स्कॉलरवर (गूगलचा संशोधनलेखांचा शोध) शोधा. सापडलं नाही तर वापरू नका. सापडलं तर उघडून पाहा, त्यात तेच म्हटलंय का. आकडेमोडीत एककं स्वतः तपासा.

संदर्भ साठवायला झोटेरो मोफत आहे. ब्राउझरमधल्या बटणाने लेखाची माहिती आपोआप येते, पण लेखकाचं नाव आणि वर्ष लगेच तपासून घ्या. चुका तिथेच शिरतात आणि थेट प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर उमटतात. गटाचं काम एकाच सामायिक दस्तऐवजात करा. त्याच्या आवृत्तींच्या इतिहासात कुणी काय कधी लिहिलं ते दिसतं, त्यामुळे वाद मिटतात आणि काम आपलंच असल्याचा आधारही राहतो.

बॅकअप आणि ऑनलाइन सबमिशन

सिंक (लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर नाही. गूगलची १५ जीबी मोफत जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून आहे. फोटोंनी ती भरली की नोट्स चढणं थांबतं. म्हणून महिन्यातून एकदा सगळा अभ्यासाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

सबमिशन असेल तर शेवटच्या तासाची वाट पाहू नका, सर्व्हरवर तेव्हाच गर्दी असते. पीडीएफ करून चढवा, मग पोर्टलवरून तीच फाइल परत उतरवून उघडा. चुकीची फाइल, रिकामी पानं, तुटलेली अक्षरं यातच सापडतात. पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. ऑनलाइन चाचणी असेल तर आदल्या रात्री कॉम्प्युटरचे अपडेट उरकून घ्या, चार्जर लावून बसा आणि वायफाय गेलं तर फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहिलेला असू द्या. पासवर्ड आठवतो आहे ना, हे ब्राउझरमधून एकदा बाहेर पडून पुन्हा आत येऊन बघा, कारण आपण तो शेवटचा कधी टाइप केला ते सहसा आठवत नाही.