कोल्हापुरातून दर आठवड्याला ब्लूजचा तास

रेडिओवर ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताच्या, एका तासाला तेरा गाणी पुरतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे जुनी गाणी आटोपशीर. चाळीस मिनिटं गाणी, पंधरा मिनिटं बोलणं, पाच हाताशी राखीव. शेवटी नुसत्या वाद्यांचा तुकडा लावा; आवाज हळूहळू उतरवत तो कुठंही थांबवता येतो.

खरी गोची आवाजाच्या पातळीची. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांच्या १९३६ च्या ध्वनिमुद्रणामागून शिकागोची इलेक्ट्रिक गिटार आली की ऐकणारा दचकून रेडिओच बंद करतो. सगळी गाणी आधीच एका लाउडनेसला, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या एका पातळीला आणा, समजा उणे १६ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक). जुनं गाणं चढवलं की खरखरही चढते. ८ किलोहर्ट्झच्या वरचा तीक्ष्ण आवाज थोडा कापा, पण सगळी खरखर पुसू नका. आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो.

ब्लूजचा बारा बारांचा (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) साचा सांगायला पेटी घ्या. सा चा कॉर्ड, म्हणजे सा वर उभारलेले एकत्र वाजणारे सूर, चार बार, म चा दोन, पुन्हा सा चा दोन. मग प आणि म एकेक, शेवटी सा दोन. गाण्याचे शब्दही तसेच: ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचं उत्तर. गायकाला गिटार कशी उत्तर देते ते शाहीर आणि झीलकऱ्यांच्या उदाहरणानं इथं लगेच पटतं. साम्य सांगा, नातं मात्र जोडू नका.

जुलैत कंडेन्सर माइक फुसफुसला तर केबल बदलत बसू नका, आधी दमट हवेवर संशय घ्या. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.