काट्याचं सॉफ्टवेअर लिहिताय? मल्टिथ्रेडिंगमधल्या या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या काट्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. काटे एकापेक्षा जास्त, प्रत्येकाला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमच्या आत इतरांसोबत एकाच वेळी चालणारं स्वतंत्र काम), पावती छापायला एक, खाती लिहायला आणखी एक. इथं आकडा चुकला तर शेतकरी त्याला बग म्हणत नाही, काटामारी म्हणतो. त्याचं काही चुकत नाही, वर्षभराचा ऊस त्या ट्रॉलीत असतो. म्हणून हे उदाहरण धरूनच लिहितो.

बेरीज लॉकशिवाय करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप. ‘एकूण += वजन’ ही दिसायला एक ओळ, पण आत तीन कामं: जुना आकडा वाचणं, त्यात मिळवणं, परत लिहिणं. एकाच शेतकऱ्याच्या दोन खेपा एकाच वेळी दोन काट्यांवर आल्या असं धरा. खात्यावर ११२.४०० टन आहेत. दोन्ही थ्रेडनी तोच आकडा वाचला. पहिल्यानं १४.२०० मिळवून १२६.६०० लिहिले, दुसऱ्यानं १६.३५० मिळवून त्यावरच १२८.७५० लिहिले. व्हायला हवे होते १४२.९५०. चौदा टन ऊस गेला, आणि लॉगमध्ये एररची एक ओळ नाही.

याची खूण ओळखून ठेवा: पावत्यांची बेरीज आणि खात्याची बेरीज यांत फरक पडतो, तोही बरोबर एका खेपेएवढा. जावात व्हेरिएबलला व्हॉलटाइल हा शब्द लावून हे सुटत नाही. त्यानं नवा आकडा इतर थ्रेडना दिसतो, पण तीन कामांचं एक काम होत नाही. लॉक लावा, आणि वाचणाऱ्या थ्रेडनंही तोच लॉक घ्यायला हवा. लिहिताना लॉक आणि वाचताना मोकळं, हे अर्धवट काम झालं.

कॉन्करंटहॅशमॅप (अनेक थ्रेडनी एकदम वापरता येणारा जावातला तयार तक्ता) वापरला म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘हा पावती क्रमांक आहे का? नसेल तर टाक’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसतोच. तिथं दोन्ही पायऱ्या एकाच कामात करणारं पुटइफअ‍ॅब्सेंट वापरा.

जोडीनं बदलणारी माहिती सुटी ठेवणं

काट्याकडून वजन येतं, सोबत ‘वजन स्थिर झालं’ ही खूण येते. दोन्ही वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर ट्रॉली अजून हलत असतानाचं नवं वजन आणि आधीच्या गाडीची ‘स्थिर’ खूण एकत्र वाचली जाऊ शकते. पावती छापून मोकळी! दोन्ही एका न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये घाला आणि तो ऑब्जेक्टच एका झटक्यात बदला. व्हॉलटाइलचा खरा उपयोग इथं, त्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या रेफरन्सला.

लॉक उलटसुलट क्रमानं घेणं

खेप नोंदवणारा थ्रेड आधी शेतकऱ्याचं खातं लॉक करतो, मग वाहतूकदाराचं. बिल काढणारा नेमका उलट. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात, सीपीयू शांत, स्क्रीन गोठलेली, बाहेर रांग वाढतेय. अशा वेळी लगेच रीस्टार्ट मारू नका, पुरावा जातो. आधी जावाच्या जेस्टॅक या साधनानं थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड कुठं आहे याची यादी, घ्या. कोण कुणासाठी अडलंय ते त्यात नावानिशी दिसतं. उपाय एकच: सगळीकडे लॉकचा क्रम तोच. आणि लॉक हातात ठेवून प्रिंटर किंवा नेटवर्कची वाट कधीच पाहू नका.

स्लीप टाकून बग ‘सोडवणं’

शंभर मिलिसेकंद थांबवल्यावर गडबड दिसेनाशी होते, पण ती गेलेली नसते. प्रिंटची ओळ टाकल्यावर बग गायब होतो, त्याचंही कारण तेच: वेळेचं गणित बदलतं.

‘इतके दिवस चाललंय की’ म्हणणं

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा रेस कंडिशनमुळे (दोन थ्रेड एकाच माहितीवर एकदम तुटून पडल्यानं होणाऱ्या गडबडीमुळे) मुकी झाली होती. ते सॉफ्टवेअर त्याआधी ठिकठिकाणी मिळून ३० लाख तासांहून जास्त चाललं होतं, तेव्हा हा बग एकदाही दिसला नव्हता.

सी प्लस प्लसमध्ये असाल तर जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमधला, असे रेस शोधणारा थ्रेडसॅनिटायझर लावा. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू चालतो, म्हणून हे काम हंगामाआधी उरकायचं. गो भाषेत रेस डिटेक्टर आहेच. मात्र ही साधनं जो कोड प्रत्यक्ष चालला त्यातलेच रेस पकडतात. त्यामुळे मागच्या हंगामाच्या खेपा सगळ्या काट्यांवर एकदम सोडा आणि शेवटी प्रत्येक खात्याची बेरीज पावत्यांशी ताडून पाहा.