टोकन पाठवण्यापूर्वी: पुण्यात भाड्याच्या घराची ऑनलाइन शहानिशा

महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास पुण्यात भाड्याच्या घरांसाठी एकच झुंबड उडते, आणि लातूर, जळगाव किंवा सांगलीहून ज्या पालकांना घर पाहायला येणे जमत नाही, नेमके त्यांच्याकडेच ‘टोकन’, म्हणजे घर राखून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम, आधी मागितले जाते. अशा वेळी अर्धा तास काढून करावयाच्या शहानिशेचे सूत्र एकच आहे: समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा कागदावर न विसंबता, मूळ नोंद जिथे असते तिथे आपण स्वतः जाऊन पाहावे.

छायाचित्रांपासून सुरुवात करावी. माझ्या भाचीसाठी कोथरूडमधील एका फ्लॅटची जाहिरात आम्हाला मिळाली होती. भाडे त्या भागातील दराच्या जेमतेम निम्मे होते. आपण सैन्यात असून बदली झाली आहे, असे सांगणाऱ्या मालकाने ओळखपत्राचा फोटोही तत्परतेने पाठवला आणि घर पाहायला सोसायटीत शिरण्यासाठी ‘गेटपास’ म्हणून, परत मिळण्याच्या बोलीवर, दोन हजार रुपये मागितले. दिवाणखान्याचे छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकल्यावर तीच निळी भिंत आणि स्विचबोर्डाखाली तोच उडालेला पोपडा हैदराबादच्या एका जुन्या जाहिरातीत निघाला. शोधताना पूर्ण चित्राबरोबरच त्यातील एखादा ठळक भाग कापूनही टाकावा, कारण अशी चित्रे कडा छाटून किंवा डावी-उजवी उलटवून वापरली जातात. चित्र कुठेच सापडले नाही, तरी तेवढ्याने ते खरे ठरत नाही. ओळखपत्राचे म्हणाल, तर ते अस्सलही असू शकते. फक्त ते पाठवणाऱ्याचे असेलच असे नाही, आधी फसलेल्या कुणी विश्वासाने पाठवलेलेही असू शकते. म्हणूनच आपले आधार कार्ड या टप्प्यावर कुणालाही देऊ नये.

त्यानंतर मालकीकडे वळावे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्चची सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरला की नोंदलेल्या दस्ताची सूची २, म्हणजे त्याचा सारांश, पाहता येते आणि तीत लिहून देणार (विकणारा) व लिहून घेणार (विकत घेणारा) यांची नावे असतात. हे संकेतस्थळ संयमाची परीक्षा पाहते, शिवाय खरेदीचे वर्ष ठाऊक नसेल तर एकेक वर्ष चाळावे लागते. तरीही सर्वांत वजनदार पुरावा इथेच मिळतो. त्याच्या जोडीला वीजबिल मागावे आणि त्यावरील १२ अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून, पाठवलेली प्रत तिथल्या तपशिलाशी ताडून पाहावी. बिल अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असणे पुण्यात नवे नाही, पण त्याचा खुलासा खऱ्या मालकाला चटकन करता येतो.

मध्ये एजंट किंवा कंपनी असेल, तर जीएसटी क्रमांक मागून तो जीएसटी पोर्टलवर, लॉगिन न करताही, तपासता येतो. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असल्यास २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन असतो. पोर्टलवर कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे दिसते. कंपनीच्या २१ अक्षरी नोंदणी क्रमांकात तर स्थापनेचे वर्षच दडलेले असते, त्यामुळे ‘पंधरा वर्षांच्या अनुभवा’ची गोष्ट तिथल्या तिथे उघडी पडते. लहान एजंटाकडे यांपैकी काहीच नसेल, तर तो लगेच ठग ठरत नाही. त्याच्या कार्यालयात कुणी ओळखीचे जाऊन येणे अधिक उपयोगाचे.

मोबाइल क्रमांक आणि यूपीआय आयडी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील संशयितांच्या शोधात टाकून पाहावेत. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीचा मदत क्रमांक मात्र गूगलवर दिसलेला उचलू नये. तो पासबुकावरून किंवा अधिकृत ॲपमधून घ्यावा. पैसे पाठवण्याच्या क्षणी यूपीआयवर दिसणारे बँकेतील नाव सूची २ मधील नावाशी जुळत नसेल, आणि ‘ते मेहुण्याचे खाते आहे’ अशा धर्तीचे उत्तर आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ‘अनामत परत करतो, पिन टाका’ असे कुणी म्हणाले, तरी पिन टाकू नये. पैसे खात्यात येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर घरातल्यांची बोलणी खाण्याच्या भीतीने वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता असते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, नेमकी वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी असावा, आणि चॅट रागाच्या भरात पुसून टाकू नये.