एस्टोनियात कंपनी नोंदवण्यापूर्वी आणि नोंदवताना काय करावे

जेमतेम 13 लाख लोकवस्तीच्या एस्टोनियाने डिसेंबर 2014 मध्ये ‘ई-रेसिडेन्सी’, म्हणजे परदेशी नागरिकाला सरकारी डिजिटल ओळखपत्र देण्याची योजना, सुरू केली आणि परदेशी नागरिकांनाही आपल्या सरकारी डिजिटल यंत्रणेची दारे उघडून दिली. स्काइपचे सॉफ्टवेअर ज्या देशात लिहिले गेले आणि बोल्ट, पाइपड्राइव्ह, व्हेरिफ यांसारख्या कंपन्या जेथे उभ्या राहिल्या, तेथे भारतात बसून कंपनी नोंदवता येते. प्रत्यक्ष नोंदणी सोपी आहे. खरी कसोटी भारतातील नियम आणि बँक खाते यांची असते, आणि नेमकी हीच कामे बहुतेक जण शेवटासाठी ठेवतात.

म्हणून सर्वप्रथम गरज तपासावी. ई-रेसिडेन्सीमुळे व्हिसा, नागरिकत्व किंवा तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही. ग्राहक युरोपात असतील आणि बिले युरोमध्ये करायची असतील, तर हा खटाटोप सार्थकी लागतो. सगळे ग्राहक भारतातच असतील तर लागत नाही. एस्टोनिया ‘करमुक्त’ असल्याचे सर्रास सांगितले जाते, तेही अर्धवट आहे. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही, पण लाभांश म्हणून बाहेर काढताना कर द्यावा लागतो आणि 2025 पासून त्याचा दर 22 टक्के आहे.

त्यानंतर परदेशी गुंतवणुकीचा अनुभव असलेल्या चार्टर्ड अकाउंटंटला गाठावे. परदेशी कंपनीत भांडवल घालणे हे भारताच्या 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांखाली येते, आणि पैसे पाठवण्यापूर्वी अधिकृत बँकेमार्फत अर्ज करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे समभाग दाखवणेही बंधनकारक आहे. शिवाय कंपनीचे सगळे निर्णय तुम्ही भारतातून घेत असाल, तर तिच्या उत्पन्नावर भारतात कर लागू शकतो का, हा प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखीच घ्यावे. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. पण करार आहे म्हणजे कर नाही, असे नव्हे.

येथवर उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच ई-रेसिडेन्सीचा ऑनलाइन अर्ज भरावा. पासपोर्टची प्रत, छायाचित्र आणि अर्जामागचे कारण द्यावे लागते. तपासणी तेथील पोलीस व सीमारक्षक मंडळ करते. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, त्यामुळे ‘व्यवसायासाठी’ असे मोघम कारण न देता ग्राहक कोण, सेवा कोणती, हे दोन परिच्छेदांत स्पष्ट लिहावे. डिजिटल ओळखपत्राचे कार्ड कोठून घेणार तेही अर्जातच निवडायचे असते. नवी दिल्लीतील दूतावास निवडल्यास स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेव्हा पुण्या-नागपूरच्या अर्जदाराने प्रवासखर्चही हिशेबात धरावा.

अर्ज मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या संचात कार्ड, यूएसबीला जोडायचा कार्ड रीडर आणि पिन असलेला लिफाफा असतो. पहिला पिन ओळख पटवण्यासाठी, दुसरा सहीसाठी. दुसरा पिन टाकून केलेली सही कायद्याने हातच्या सहीइतकीच बांधील असते, म्हणून कागद पूर्ण वाचल्याशिवाय तो टाकू नये. एखादा पिन तीनदा चुकला तर तो बंद पडतो आणि लिफाफ्यातील तिसरा क्रमांक वापरून उघडावा लागतो.

कंपनी नोंदवण्यासाठी ई-बिझनेस रजिस्टर या तेथील सरकारी ऑनलाइन कंपनी नोंदवहीत लॉग-इन करावे, नाव उपलब्ध आहे का ते पाहावे आणि ‘ओयू’ हा मर्यादित दायित्वाचा प्रकार निवडावा. संचालक एस्टोनियाबाहेर असतील तर तेथील कायदेशीर पत्ता आणि कंपनीच्या वतीने सरकारी पत्रव्यवहार स्वीकारणारी परवानाधारक संपर्क व्यक्ती लागते. ही सेवा देणाऱ्या कंपन्या वार्षिक शुल्क घेतात. पूर्वी किमान 2,500 युरो भांडवलाची अट होती, फेब्रुवारी 2023 पासून एक सेंटही चालतो. तरीही एका सेंटवर उभी असलेली कंपनी बँकेपुढे नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कारण बँका आधीच सावध आहेत. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथील शाखेतून अनिवासी ग्राहकांचे सुमारे 200 अब्ज युरो फिरल्याचे आणि त्यातील बराच पैसा संशयास्पद असल्याचे 2018 मध्ये उघड झाले, आणि परदेशस्थ मालकाची चौकशी अधिक कडक झाली. पारंपरिक बँक एस्टोनियाशी असलेला व्यवसायाचा ठोस संबंध विचारते. तो दाखवता येत नसल्यास युरोपीय परवाना असलेल्या पेमेंट संस्थेचे खाते हा व्यवहार्य पर्याय असतो. मात्र ती संस्था भारतात राहणाऱ्या मालकाच्या कंपनीला खाते देते का, हे नोंदणीचे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे.

पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक अहवाल दाखल करावा लागतो, उलाढाल शून्य असली तरीही.

ज्यांना टॅलिनमध्ये राहूनच काम उभे करायचे आहे, त्यांनी ई-रेसिडेन्सीऐवजी 2017 पासून सुरू असलेल्या स्टार्टअप व्हिसाकडे वळावे. तेथे आधी स्टार्टअप समिती व्यवसायाची कल्पना तपासते; ती नावीन्यपूर्ण आणि मोठ्या बाजारापर्यंत वाढू शकणारी असावी लागते. नेहमीच्या धाटणीचे दुकान किंवा सल्लागार सेवा या निकषांत बसत नाही.